फरशीवर वाळलेले सिमेंट

गेल्या उन्हाळ्याच्या सुटीत आमच्या शाळेच्या जुन्या इमारतीचे छत व गिलावा दुरुस्त करण्यात आला. जून महिन्यात शाळा उघडली तेव्हा भिंती नव्या दिसत होत्या. परंतु व्हरांड्यातील शहाबादी फरशीवर व उपासनामंदिराच्या काळ्या दगडी पायऱ्यांवर सिमेंटचे राखी डाग जागोजाग पडलेले होते. कोठे ते पापुद्र्यासारखे पातळ, तर कोठे भाकरीएवढे जाड होते. ते काढण्याचे काम, विज्ञान शिकविणारे म्हणून, आम्ही आपण होऊन अंगावर घेतले. त्यात आमच्या हातून जी चूक झाली तिची हकीकत आधी सांगणे प्राप्त आहे. कारण पुढील सर्व पाठ त्या चुकीतूनच निघाला आहे.

प्रथम आम्ही पायऱ्यांकडे वळलो. बाजारात फरशी व शौचकूप धुण्यासाठी जे पिवळसर ॲसिड बाटलीत मिळते, ते बहुधा पाणी घालून सौम्य केलेले हायड्रोक्लोरिक आम्लच असते. ते आणखी पाण्यात मिसळून डागांवर घातले, तोच डाग फसफसू लागले, बुडबुडे निघाले, आणि काथ्याच्या ब्रशाने चार वेळा घासताच खालचा काळा दगड जसाच्या तसा उघडा पडला. आम्हांस मोठा हर्ष झाला. त्याच हर्षाच्या भरात बाटली घेऊन आम्ही व्हरांड्यात आलो, आणि डाग जाड आहेत असे पाहून येथे पाणी न मिसळताच ॲसिड ओतले. येथेही फेस आला. पण आता डागच नव्हे, तर जेथे जेथे ॲसिड पसरले तेथे तेथे फरशीच फसफसत होती. ही गोष्ट डोळ्यांपुढे असूनही आम्ही तिचा अर्थ लावला नाही. जेथे फेस अधिक तेथे सफाई अधिक, अशी आमची समजूत! फरशी धुऊन वाळली तेव्हा डागाचे काही अवशेष जागच्या जागी होतेच, आणि त्यांच्या भोवती पांढुरका, खरबरीत, बोटाने चाचपता यावा इतका खोलगट पट्टा उमटला होता. तीन फरश्यांचे रूप कायमचे गेले.

दुसऱ्या दिवशी ठेकेदाराचा मुकादम हिशोबासाठी आला. त्याने त्या तीन फरश्या पाहिल्या. आणि माल सांडल्यामुळे फरशी नासली, तेव्हा तिची किंमत माल वाहणाऱ्या बायांच्या मजुरीतून वळती करून घेऊ, असे तो कार्यालयात सांगू लागला. त्या बायांपैकी एकीचा मुलगा आमच्याच नववीच्या वर्गात आहे. मधल्या सुटीत तो आमच्याकडे आला व मान खाली घालून म्हणाला, “सर, माझी आई नेहमी खाली पोतं अंथरते. त्या दिवशी पोती सगळी छतावर भिजवून टाकली होती. आणि डाग तर बाकीच्या फरश्यांवर पण आहेत. त्या कुठे अशा झाल्यात?”

मुलाने विचारलेला प्रश्न पूर्णपणे शास्त्रीय होता. एकाच मालाचे डाग अनेक फरश्यांवर पडले असता तीनच फरश्या का खराब व्हाव्या? आणि जे ॲसिड पायरीला मानवले ते फरशीला का मानवू नये?

आता मूळ विषयाकडे येऊ. आपण ‘वाळलेले सिमेंट’ असे म्हणतो. पण सिमेंट हे धोतर वाळावे तसे वाळत नाही. धोतरातील पाणी उडून जाते म्हणून ते वाळते; सिमेंट पाणी पिऊन, ते स्वतःत मुरवून घट्ट होते. चुनखडी व चिकणमाती ह्यांचे मिश्रण भट्टीत सुमारे १४५० अंश सेल्सिअस उष्णतेपर्यंत भाजले म्हणजे ‘क्लिंकर’ नावाचे काळसर खडे मिळतात. ते थोड्या जिप्समबरोबर दळले की सिमेंट झाले. इंग्लंडातील लीड्स गावच्या जोसेफ ॲस्पडिन नावाच्या गवंड्याने १८२४ साली अशा एका पदार्थाचा स्वामित्वहक्क मिळविला, आणि पोर्टलंड येथील इमारती दगडाशी त्याचे साम्य सांगून त्याचे नाव पोर्टलंड सिमेंट ठेविले. ह्या भुकटीत पाणी पडताच तिच्या कणांतील कॅल्शियम, सिलिका व पाणी ह्यांचा नवा घन पदार्थ तयार होऊ लागतो, व त्याचे सूक्ष्म धागे एकमेकांत आणि खालच्या दगडाच्या छिद्रांत गुंततात. त्याच वेळी काही विरलेला चुनाही निर्माण होतो. ही क्रिया काही तासांत दिसू लागते आणि पुढे कित्येक आठवडे चालू राहते. म्हणूनच अभियंते काँक्रीटची ताकद २८ व्या दिवशी मोजतात, आणि म्हणूनच नव्या छतावर ओली पोती टाकून ठेवतात. ज्या पोत्यांवाचून त्या बाईची अडचण झाली ती ह्याच कामी गुंतली होती.

ह्यावरून एक गोष्ट लक्षात यावी. काल पडलेल्या डागावर आज नुसते पाणी ओतून ठेवणे म्हणजे त्याला दूध पाजून पोसण्यासारखे आहे. पाण्याचा उपयोग डाग पडल्यापासून पहिल्या तासा-दोन तासांतच. आणि आमच्या खानदेशात तर तेवढीही सवड मिळेल असे नाही. जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात पारा ४४-४५ अंशांपर्यंत चढतो, दगड हाताला चटका देतात; अशा उन्हात रासायनिक क्रिया जलद चालते. धुळ्यास हिवाळ्यात सकाळी सांडलेला माल दुपारच्या जेवणापूर्वी ओल्या फडक्याने पुसता येईल. वैशाखात तोच माल गवंडी पाणी पिऊन येईपर्यंत बसलेला असतो.

आता फरशीविषयी. आपल्याकडील बहुतेक जुन्या शाळा, दवाखाने व घरे ह्यांत जी करड्या रंगाची फरशी दिसते ती कर्नाटकातील कलबुर्गी जिल्ह्यातल्या शहाबाद गावच्या नावाने ओळखली जाते. मुंबईहून सोलापूर, वाडी ह्या मार्गाने रायचूरकडे जाणाऱ्या आगगाडीच्या रस्त्यावरच हे गाव आहे. तो दगड म्हणजे प्राचीन समुद्राच्या तळाशी थरावर थर बसून झालेली चुनखडी. थर सपाट असल्यामुळे तो पातळ फरश्यांच्या रूपाने सहज सुटतो. आणि मौज अशी की, त्याच शहाबादेत १९२१ साली स्थापन झालेल्या कंपनीने सिमेंटचा कारखाना काढला, व ती कंपनी पुढे १९३६ साली ए. सी. सी. ह्या मोठ्या संस्थेत सामील झाली. जो दगड पहारीने उकलला तर फरशी होतो, तोच दळून मातीसह भट्टीत घातला तर सिमेंट होतो. आमच्या व्हरांड्यातील डाग व त्याखालील दगड हे असे एका कुळातले निघाले.

हे नाते डाग जुना होत जातो तसे अधिक जवळचे होते. सिमेंटमधील विरलेला चुना हवेतील कार्बन डायऑक्साइड हळूहळू शोषून घेतो आणि त्याचे कॅल्शियम कार्बोनेट, म्हणजे पुन्हा चुनखडीच, बनते. विरलेल्या चुन्याच्या निवळीत नळीने फुंकर घातली म्हणजे ती दुधाळ होते हा प्रयोग आपण वर्गात करतो. तोच प्रयोग फरशीवरील डागात वर्षानुवर्षे चाललेला असतो. आता अशा जोडीवर आम्ल घातले तर काय होईल? आम्लाला डाग कोणता व दगड कोणता हे कळत नाही. ते कॅल्शियम कार्बोनेटावर पडताच त्यातून कार्बन डायऑक्साइड बाहेर काढते व उरलेल्या कॅल्शियमचा पाण्यात विरघळणारा क्षार करून टाकते. १०० ग्रॅम शुद्ध चुनखडी अशा रीतीने संपूर्ण विरघळली तर ४४ ग्रॅम वायू उडून जातो. आम्ही ज्या फेसाकडे कौतुकाने पाहत होतो तो शाळेच्या फरशीचाच दगड वायुरूपाने जात होता.

पायऱ्यांची गोष्ट वेगळी. त्या आपल्या पायांखालच्या भूमीतल्याच आहेत. सुमारे ६ कोटी ६० लक्ष वर्षांपूर्वी भूगर्भातून वाहून आलेल्या लाव्हारसाचा हा काळा दगड, ज्यास बेसॉल्ट म्हणतात. त्यात सिलिकेट जातीची खनिजे असतात, कार्बोनेट जवळजवळ नसते. म्हणून सौम्य आम्ल त्याला सहसा फसफसवीत नाही. परंतु हा दगडही अगदी निर्धास्त सोडावा असा नाही. त्यात लोह आहे; आम्ल नीट धुऊन न काढल्यास काही दिवसांनी तांबूस छटा उमटते, आणि आमच्या खालच्या पायरीवर, जेथे पाणी कमी पडले, तशी ती उमटली आहे. शिवाय पायऱ्यांचे सांधे सिमेंटचेच असल्यामुळे तेही थोडे झिजले.

येथे आमच्या एका विद्यार्थिनीची गंमत सांगितल्यावाचून राहवत नाही. पायरीवरील एक पांढरा ठिपका ती अर्धा तास घासत होती. तो सिमेंटचा नव्हताच! लाव्हारस थंड होताना त्यात वायूचे बुडबुडे अडकून पोकळ्या राहतात, व पुढे त्यांत झिओलाइट, ॲपोफिलाइट, कॅल्साइट अशी पांढरी व काचेसारखी खनिजे भरतात. जळगाव व सावदा ह्या परिसरातील दगडखाणींत मिळणारे असे स्फटिक जगभरच्या खनिजसंग्राहकांस परिचित आहेत. खडी फोडताना मजूर जे चकाकणारे खडे बाजूस टाकतात त्यांपैकी कित्येक दूरदेशच्या संग्रहांत काचेच्या कपाटात जाऊन बसले आहेत. तेव्हा काळ्या दगडावरील प्रत्येक पांढरा ठिपका हा डाग समजू नये. डाग दगडाच्या पृष्ठावर उंच बसलेला असतो. खनिज दगडाच्या पोटात असते, व नख फिरविले असता त्याची कड लागत नाही.

कोणता दगड आहे हे ठरविण्यासाठी मोठ्या साहित्याची गरज नाही. भिंतीलगतच्या, कपाटाखाली झाकल्या जाणाऱ्या कोपऱ्यात लिंबाच्या रसाचा एक थेंब टाकावा. बारीक बुडबुडे दिसले, किंवा थेंब पुसल्यावर फिकट ठिपका राहिला, तर दगड चुनखडीच्या जातीचा समजावा. शहाबादी, तांडूर, कोटा, कडप्पा व संगमरवर हे सर्व ह्याच जातीत येतात. आमच्या वाचकांपैकी माताभगिनींस हे निराळे सांगावयास नको. स्वयंपाकघरातील कडप्प्याच्या ओट्यावर लिंबू कापून ठेविले की पांढरा वळसा उमटतो, तो ह्याच कारणाने. लिंबू व शिरका हे ‘सौम्य’ आहेत, म्हणून ते शहाबादीवर चालतील, हा समज मात्र सोडून द्यावा. ते हळू खातात, इतकाच फरक. (वर्गात हा प्रयोग केला तेव्हा अंड्याच्या कवचावर बुडबुडे आले आणि फळ्यावरच्या खडूवर आले नाहीत, मुले बुचकळ्यात पडली. आजकालचे पुष्कळसे खडू चुनखडीचे नसून जिप्समचे असतात.)

मग शहाबादी फरशीवरील डाग काढावयाचा कसा? हाताने, आणि सावकाश. उरलेल्या फरश्यांवर आम्ही हाच मार्ग धरला. प्रथम डाग व सभोवतालची फरशी ओली करावी, म्हणजे धूळ नाकातोंडात जात नाही. सिमेंट-वाळूची कोरडी धूळ फुप्फुसांस अपायकारक आहे. जाड थर असेल तर रुंद व बोथट छिन्नी फरशीला जवळजवळ टेकवून, आडवी धरून, डागाच्या कडेकडून मध्याकडे हातोडीचे हलके ठोके द्यावे. छिन्नी उभी धरली की ढलपीबरोबर फरशीचाही तुकडा निघतो. पुष्कळदा जाड थर पातळ थरापेक्षा लवकर सुटतो, कारण त्याखाली धूळ अडकलेली असते व त्याची पकड कच्ची राहते. पातळ पापुद्र्यासाठी लाकडी फाचर किंवा पत्र्याची पातळ पट्टी बरी.

काठिण्याचा विचार ह्या कामी फार उपयोगी पडतो. खनिजांच्या दहा पायऱ्यांच्या काठिण्यश्रेणीत चुनखडीतील कॅल्साइट ३ वर आहे, चाकूचे पोलाद साडेपाचाच्या आसपास, आणि वाळूतील क्वार्ट्झ ७ वर. ह्याचा अर्थ, पोलाद फरशीवर ओरखडा काढू शकते; आणि डागातून सुटलेली वाळू तर पोलादाहूनही कठीण. म्हणून दर थोड्या वेळाने सुटलेला चुरा पाण्याने वाहून काढावा. तो तसाच ठेवून ब्रश फिरविला तर आपणच फरशीवर वाळू घासतो. तारेचा ब्रश नकोच, काथ्याचा घ्यावा. शेवटी जी धुरकट छटा उरते ती पॉलिश करणाऱ्या कारागिरांजवळील बारीक घासण्याच्या वडीने, भरपूर पाणी घालून, हलक्या हाताने उतरते. आम्ही व मुले मिळून एका डागास कधी दहा मिनिटे, कधी पाऊण तास लागला. घाई करणाराने ह्या कामास हात घालू नये.

डाग कोवळा, म्हणजे एक-दोन दिवसांचा असेल, तर आणखी एक उपाय आहे, आणि तो आम्हांस त्या नववीतील मुलाच्या आईकडून कळला. तिने घमेली साफ करण्यासाठी गुळाचे पाणी वापरताना गवंड्यांस पाहिले होते. ऐकून आम्हांस प्रथम हसू आले. मग पुस्तक उघडले तेव्हा हसू ओसरले. साखर ही सिमेंटची मोठी वैरी आहे. सिमेंटच्या वजनाच्या हजारात एक भाग इतकी साखर मालात गेली तरी तो घट्ट होण्यास फार विलंब लागतो. आणि साखरेच्या पाण्यात विरलेला चुना साध्या पाण्यापेक्षा पुष्कळ अधिक विरघळतो. उलट चुनखडीच्या दगडावर तिचा म्हणण्यासारखा परिणाम होत नाही. म्हणून साखरेच्या दाट पाण्यात भिजविलेले फडके कोवळ्या डागावर एक दिवस ओले ठेवावे व मग घासावे. पातळ डाग पुष्कळ सैल होतो. महिन्याच्या जुन्या डागावर ह्याची फारशी मात्रा चालत नाही. गुळाने फरशीवर पिवळट छटा राहण्याचा संभव असल्यामुळे साखरच घ्यावी, आणि नंतर भरपूर पाण्याने धुवावे, नाही तर दुसऱ्या दिवशी डागाऐवजी मुंग्या दिसतील. धुळ्याकडील जुन्या वाड्यांच्या बांधकामाविषयी बोलताना म्हातारी माणसे चुन्याच्या घाणीत गूळ घालीत असे सांगतात. चुन्याला जो गूळ मानवला तोच सिमेंटला बाधतो. दोन पदार्थ दिसण्यात सारखे असले तरी त्यांचा स्वभाव एक असेलच असे नाही.

आम्लाचा उपयोग फक्त काळ्या दगडासाठी, डाग हाताने निघतच नसेल तेव्हा, आणि तोही वडील मनुष्याने करावा. मुलांनी बाटलीला हात लावू नये. दगड आधी पाण्याने तर करावा, म्हणजे आम्ल छिद्रांत शिरत नाही. एक भाग ॲसिड दहा भाग पाण्यात ओतावे; ॲसिडमध्ये पाणी कधीही ओतू नये. डोळ्यांस चष्मा, हातांस रबरी मोजे, आणि जागा मोकळ्या हवेची असावी. दोन-तीन मिनिटांत घासून विपुल पाण्याने धुवावे व शेवटी धुण्याच्या सोड्याचे पाणी फिरवावे. हे करताना त्याच जागी ब्लीचिंग पावडर किंवा तत्सम द्रव्य मुळीच पडू देऊ नये. दोहोंच्या संयोगाने क्लोरीन वायू सुटतो, आणि बंद न्हाणीघरात तो प्राणावर बेततो. अंगणातील पेव्हर ब्लॉक व घरातील मोझेक लादी ही स्वतः सिमेंटचीच असल्याने त्यांवर ॲसिड घालण्यात अर्थच नाही. चिनी मातीच्या गुळगुळीत टाइल्स टिकतात, पण त्यांचे सांधे जातात.

एका डागाविषयी अद्याप लिहिले नाही. त्या बाईला आम्ही साखरेच्या उपायाविषयी विचारावयास गेलो तेव्हा तिचे हात पाहिले. बोटांची टोके पांढरी पडून सोललेली, पेरांना भेगा. ओले सिमेंट अतिशय तीव्र अल्कधर्मी असते. ते कातडीतील स्निग्धांश काढून घेते आणि दीर्घकाळ लागून राहिले तर भाजल्यासारखी जखम करते. त्यातील क्रोमियमच्या अंशामुळे कित्येकांस कायमची खाज व इसब जडते. चटका लगेच बसत नसल्यामुळे मनुष्य बेसावध राहतो. जे पालक घराचे काम काढतील त्यांनी सिमेंटच्या पिशव्यांच्या हिशोबात रबरी मोजांचे चार जोडही धरावे, हात धुण्यास स्वच्छ पाण्याची बादली वेगळी ठेवावी, आणि अंथरण्यासाठी पोती किंवा ताडपत्री मोजून जास्तच आणावी. फरशीवर ओल्या वाळूचा बोटभर थर पसरला तरी पुरे. माल वाळूवर पडतो व वाळूबरोबर उचलला जातो.

हिशोबाचे मात्र असे झाले. आम्ही मुख्याध्यापकांच्या समक्ष मुकादमास बाहेर नेले, कोपऱ्यातील एका निर्मळ, बिनडागाच्या फरशीवर ॲसिडचा एक थेंब टाकून दाखविला, आणि तोच पांढरा खरबरीत ठिपका त्याच्या डोळ्यांदेखत उमटला. तीन फरश्या मालाने नव्हे, आमच्या हाताने गेल्या, असे आम्ही कागदावर लिहून दिले. बायांची मजुरी पूर्ण मिळाली. फरश्यांची किंमत आम्ही भरली आहे. परंतु जुन्या मापाच्या व त्याच रंगाच्या फरश्या अद्याप मिळालेल्या नाहीत, म्हणून त्या तिन्ही आठवीच्या वर्गासमोर जागच्या जागी आहेत, आणि चौथ्या फरशीवर थेंबाचा तो ठिपकाही आहे. ज्यांस पाहावयाच्या असतील त्यांनी खुशाल बोट फिरवून पाहाव्या.